चिऱ्याचा कारखाना आणि बासष्ट प्रश्न

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षेपाने:

‘माझे सासर वेंगुर्ले तालुक्यात आहे. सासऱ्यांनी १९८६ साली सुरू केलेला काजूचा कारखाना गेली सहा वर्षे मी पाहते. दिवसाला साधारण एक टन बी फोडली जाते आणि चौतीस बायका कामाला आहेत. मूळ इमारत जांभ्या चिऱ्याची, कौलारू, सुमारे ४,००० चौरस फुटांची आहे. तिला लागून २००४ साली २,००० चौरस फुटांचा स्लॅबचा भाग बांधला, त्यात पॅकिंग आणि कार्यालय आहे. तो स्लॅब गळू लागल्यावर त्याच्यावर पत्रे घातले. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एक गोदाम भाड्याने घेतले आहे. आता मुंबईच्या आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने बासष्ट प्रश्नांची प्रश्नावली पाठवली असून सोबत “शाश्वतता धोरण” जोडायला सांगितले आहे. पुण्याला असणारे धाकटे दीर म्हणतात, जुने सगळे पाडून काचेच्या दर्शनी भागाची नवी इमारत बांधू, वर २५ किलोवॅटचे सोलर बसवू आणि पाकिटावर “कार्बन न्यूट्रल काजू” असे छापू. एका सल्लागारांनी हरित इमारतीच्या प्रमाणपत्राचा प्रस्तावही दिला आहे. सासरे या विषयावर बोलतच नाहीत. महिन्याला वीज ४,२०० युनिट, जनरेटरला १२० लिटर डिझेल आणि खारे काजू भाजण्यासाठी १९ किलोचे सहा सिलिंडर लागतात. पॅकिंगच्या खोलीत तीन जुने एसी आहेत, त्यांत दर वर्षी मिळून दोनेक किलो गॅस भरावा लागतो. ड्रायर विजेवर चालतो, बीला वाफ देण्याचा बॉयलर टरफलावर. मी सुरुवात कुठून करू?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शेवटची चार वाक्ये. आपल्याकडे किती जळते, किती गळते आणि किती भरावे लागते हे आकड्यांत सांगू शकणारे लघुउद्योजक फार थोडे भेटतात. त्यामुळे उत्तरही सरळ देता येते : इमारत पाडू नका, या प्रश्नावलीच्या निमित्ताने तर मुळीच नको. सोलर घ्या, पण यंदा नव्हे. प्रमाणपत्राचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवा. पहिला पैसा ड्रायरवर खर्च करा आणि दुसरा छपरावर. धोरण या शब्दाचा अर्थ मी एवढाच समजतो की, हाती असलेला मोजका पैसा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कारणासाठी खर्च करायचा हे आधी ठरवून लिहून ठेवायचे. तुमच्या दिरांच्या सगळ्याच सूचना चुकीच्या नाहीत, सोलरची तर योग्यच आहे, क्रम मात्र उलटा आहे.

ही प्रश्नावली तुमच्यावर संशय घेऊन आलेली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. सेबीने २०२१ साली शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण, कामगार आणि कारभार यांविषयीचा अहवाल ठराविक नमुन्यात देण्यास सांगितले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो बंधनकारक झाला. पुढे या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांची माहितीही विचारात घेतली जाऊ लागली. तुमचा ग्राहक किंवा त्याचा ग्राहक अशा कंपन्यांपैकी असणार, आणि वरून आलेला प्रश्न उतरंडीने तुमच्या टेबलावर पोचला आहे. त्याला तुमच्याकडून सुविचार नको आहेत. त्याला स्वतःच्या तक्त्यात भरण्याजोगे आकडे हवे आहेत, आणि पुढच्या वर्षी ते आकडे कोणत्या दिशेने सरकले हे पाहायचे आहे.

तेव्हा आकडे मांडू. असा हिशेब करताना तीन खण करतात : आपल्या आवारात जे जळते किंवा हवेत सुटते ते पहिल्या खणात, विकत घेतलेल्या विजेपोटी दूरच्या वीज केंद्रात जे जळते ते दुसऱ्यात, आणि कच्चा माल, वाहतूक, पॅकिंग वगैरे उरलेले सगळे तिसऱ्यात. तुमची वीज वर्षाला ५०,४०० युनिट होते. आपल्या देशातील ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे ३५ टन. डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो धरले तर १,४४० लिटरचे जवळजवळ ४ टन होतात, आणि सिलिंडरमधील गॅसच्या किलोमागे ३ किलो धरले तर त्याचेही ४ टन. टरफलाचा कार्बन डायऑक्साइड झाडाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे तो या बेरजेत न मिळवता वेगळा नोंदवण्याची रीत आहे. धुराचा प्रश्न त्याने सुटत नाही, त्याविषयी पुढे लिहितो.

आता त्या दोन किलो गॅसकडे पाहा, कारण प्रश्नावली भरणारे बहुतेक जण तो रकाना कोरा सोडतात. जुन्या एसींमध्ये बहुधा आर-२२ असतो, आणि त्याचा एक किलो हवेत सुटला तर वातावरण तापवण्याच्या बाबतीत तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो. दोन किलो म्हणजे साडेतीन टनांहून अधिक, अर्थात तुमच्या जनरेटरने वर्षभर खाल्लेल्या डिझेलच्या जवळपास. जनरेटरचा धूर डोळ्यांना दिसतो आणि एसीची गळती दिसत नाही, एवढाच फरक. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटची कॉइल कुरतडली जाते आणि दर वर्षी मेकॅनिक येऊन ‘गॅस कमी झालाय’ म्हणत भरून जातो, ही किनाऱ्यावरची घरोघरीची कथा आहे. आर-२२ हा वायू मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, त्यामुळे या तीन यंत्रांवर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही. नवी घेताना आर-३२ किंवा आर-२९० वायूची, कॉइलवर गंजरोधक लेप असलेली घ्यावीत आणि महिन्यातून एकदा बाहेरचे युनिट गोड्या पाण्याने धुण्याचे काम एका माणसाकडे नेमून द्यावे. मात्र तीनच्या जागी तीन घेऊ नका. किती लागतील ते इमारतीविषयी बोलताना सांगतो.

विजेच्या ३५ टनांत सर्वांत मोठा वाटा कोणाचा असेल? माझा अंदाज ड्रायरकडे जातो. तुमच्या प्रमाणाच्या कारखान्यात साधारण १२ किलोवॅटचे हीटर असतात. ते दिवसातून सहा तास चालतात आणि तापमान गाठल्यावर मधूनमधून बंद होतात असे धरले, तरी दिवसाला ५५ ते ६० युनिट जातात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बिलाचा एक तृतीयांश भाग या एका पेटीत जातो. हा केवळ अंदाज असल्यामुळे पहिले काम म्हणून ड्रायरला स्वतंत्र सबमीटर बसवून घ्या. त्याला फार खर्च येत नाही आणि वायरमन तो एका सकाळीत बसवतो.

याच ड्रायरपासून काही पावलांवर तुमचा बॉयलर टरफले जाळून वाफ करतो आहे, ही यातील खरी विसंगती आहे. सकाळी बी वाफवून झाली की बॉयलर थंड होऊ द्यायचा आणि दुपारी काजूगर वाळवण्यासाठी महावितरणची वीज जाळायची, असा हा व्यवहार आहे. पूर्वीच्या बोर्म्यात, म्हणजे वाळवणाच्या भट्टीत, टरफलाच्याच आचेवर गर वाळत, पण त्यात धुराचा वास लागण्याची आणि आच कमीजास्त होऊन गर करपण्याची भीती असे, म्हणून लोक विजेकडे वळले आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आता मात्र वाफेच्या नळ्यांवरून हवा फिरवून ती गरम करणारे ड्रायर मिळतात. त्यांत धूर आणि काजू यांची गाठ पडत नाही, तापमानही स्थिर राहते. तुमच्या बॉयलरची क्षमता पुरेशी आहे का, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे लागेल. पुरेशी असेल तर विजेचे हीटर पावसाळ्यातल्या अडचणीपुरते ठेवून रोजचे वाळवण वाफेवर आणता येईल. त्याआधी, फुकटात जमा होण्यासारखे काम म्हणजे वाफेच्या उघड्या नळ्यांना उष्णतारोधक वेष्टन घालणे, ड्रायरच्या दाराचे झिजलेले रबर बदलणे आणि वाफेचे थंड झालेले पाणी गटारात न सोडता पुन्हा बॉयलरच्या टाकीत घेणे.

टरफलाची तुमच्याकडे कमतरता नाही. एक टन बीतून पाव टनाच्या आसपास गर निघतो आणि सातशे किलोंच्या जवळपास टरफल उरते. पण कच्चे टरफल तसेच जाळले की त्यातील तेलाचा तिखट, डोळे चुरचुरवणारा धूर वाडीवर पसरतो, आणि ‘शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत का’ हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असणारच. या तेलाला रंग, वॉर्निश आणि ब्रेकच्या अस्तरांच्या उद्योगात मागणी असते. टरफल तेल गाळणाऱ्या घाण्याला विकून त्याबदल्यात तेल काढलेली पेंड जळणासाठी परत घेण्याचा व्यवहार जमला, तर धूर बराच कमी होतो आणि चार पैसेही सुटतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची मुदत आणि त्यात लिहिलेले इंधन या निमित्ताने एकदा वाचून पाहा, कारण इंधन बदलले आणि कागद जुनाच राहिला, असे सहज घडते.

आता इमारत. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण घरातील मतभेद याच मुद्द्यावर आहे.

सहा हजार चौरस फुटांचे नवे आरसीसी बांधकाम करायचे तर ढोबळ मानाने १२० टन सिमेंट आणि २० ते २५ टन लोखंड लागेल. सिमेंटची भट्टी सुमारे १,४५० अंशांना तापवावी लागते, शिवाय त्या उष्णतेत चुनखडीच्या दगडाचे विघटन होतानाच त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे ती भट्टी कोणत्याही इंधनावर चालवली तरी निम्म्याहून अधिक उत्सर्जन टळत नाही. या दोन जिनसांचे मिळून सव्वाशे टनांच्या आसपास होतात. म्हणजे नव्या इमारतीत पहिला दिवा लागण्यापूर्वीच तुमच्या साडेतीन वर्षांच्या विजेइतका कार्बन हवेत गेलेला असेल, आणि राडारोडा कुठे टाकायचा हा प्रश्न वेगळाच. याउलट सासऱ्यांनी उभ्या केलेल्या चिऱ्यांचा हिशेब १९८६ सालीच चुकता झाला आहे. खाणीतून निघताना मऊ असणारा आणि उन्हावाऱ्यात कठीण होत जाणारा हा दगड न भाजता वापरता येतो. ब्रिटिश अमदानीत बुकानन नावाच्या पाहणी अधिकाऱ्याने केरळात लोकांना तो विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. आपण त्याला त्याच्या रंगावरून जांभा म्हणत आलो. जाड भिंतीचा जांभा दिवसाचे ऊन लगेच आत येऊ देत नाही, आणि कौलांच्या फटींतून वरची गरम हवा निघून जाते. तुमच्या फोडणीच्या आणि सोलणीच्या खोल्यांत एप्रिलमध्येही पंख्यावर भागत असेल, तर त्याचे श्रेय या दोघांना आहे.

काचेच्या दर्शनी भागाविषयी एवढेच म्हणतो की तो पुण्याच्या हवेतही महागात पडतो आणि वेंगुर्ल्यात तर ऊन आत घेऊन ते एसीने बाहेर ढकलत बसावे लागेल. शिवाय काचेवर बसणारा खारा थर दर आठवड्याला पुसायला माणूस लागेल तो निराळा.

तरीही दिरांच्या आग्रहामागे एक खरी अडचण असणार, आणि ती बाजूला सारणे योग्य नाही. कौलांतून धूळ पडते, वासे आणि रिपा यांच्या सांदीत पाली राहतात, वटवाघळे येतात, आणि अन्नसुरक्षेच्या तपासणीला येणारा माणूस वर पाहून मान हलवतो. यावर उपाय आपल्या घरांच्या रचनेतच आहे. कोकणातील घराला सभोवार पडवी, मग ओटी आणि मध्यभागी माजघर असते. ऊन, पाऊस आणि परका माणूस यांना पडवी-ओटीवर थोपवून मौल्यवान ते माजघरात ठेवायचे, ही त्या रचनेमागची युक्ती. तुमच्या कारखान्याचीही अशीच वाटणी करा. बी साठवणे, वाफवणे आणि फोडणे ही कामे पडवीच्या मोकळ्या हवेत चालतील. सोलणी आणि प्रतवारी ओटीवर, म्हणजे कौलाखाली धुता येण्याजोगे हलके छत लावून. आणि काजूगर ज्या क्षणी हवेतील दमटपणा धरू लागतो, त्या पॅकिंगच्या कामापुरती उष्णतारोधक पॅनेलची, घट्ट दाराची एक छोटी खोली मध्यभागी. पाली-उंदरांचा प्रश्न तिथे सुटतो आणि थंड ठेवायची जागा आजच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होते. अशा खोलीला तीनऐवजी एक एसी आणि एक डिह्युमिडिफायर पुरण्याची शक्यता आहे, पण उष्णतेचा हिशेब मांडून घेतल्याशिवाय यंत्र खरेदी करू नये. एसी २४ अंशांवर ठेवावा. तापमान एका अंशाने वाढवले तर एसीची वीज सुमारे सहा टक्के वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते.

प्रतवारीच्या टेबलांवर, विशेषतः उत्तरेच्या उतारावर, काचेची कौले घाला. पौंडाला ३२० बसणारा पांढरा गर आणि किंचित करपलेला गर यांतला फरक बायका ट्यूबलाइटपेक्षा आकाशाच्या उजेडात अधिक अचूक ओळखतात. तिथले वीस पंखे जुन्या ७५ वॅटचे असतील तर त्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवल्यास आठ तासांच्या दिवसाने वर्षाला दोन हजारांहून अधिक युनिट वाचतात. हे काम एकदम न करता, जुना पंखा जळाला की नवा बसवायचा, असेही चालेल.

स्लॅबवरच्या पत्र्यांबद्दल आपल्याकडे थोडी लाज बाळगली जाते, आणि शहरातले पाहुणे त्यांना विद्रूप म्हणतात. गळतीसाठी घातलेल्या त्या पत्र्यांनी स्लॅबवर सावली धरली आणि मधून वारा खेळता ठेवला, तर तो उष्णतेविरुद्धचा फार चांगला उपाय असतो. पत्र्याखालची पोकळी सामान कोंबून बंद करू नका, दोन्ही टोके जाळी लावून मोकळी ठेवा. स्लॅबला परावर्तक पांढरा रंग देण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो मी माझ्या स्वतःच्या घरी आचरणात आणला होता आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेवाळाने तो रंग असा काळा झाला की जुना स्लॅब बरा म्हणायची वेळ आली.

पत्र्यांची मजबुती मात्र या मेमध्येच तपासून घ्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले तेव्हा रायगड जिल्ह्यात किती छपरे उडाली आणि पुढच्याच वर्षी मेमध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा सिंधुदुर्गात वीज किती दिवस नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडाले. प्रश्नावलीत ‘हवामान जोखीम’ या मथळ्याखाली जे विचारले असेल ते नेमके हेच आहे. पत्र्याच्या कडेचे आणि आढ्याजवळचे हुक दाट करणे, विजेचे मुख्य पॅनेल आणि जनरेटर पुराच्या जुन्या खुणेच्या वर उचलणे, आणि तयार मालाची थप्पी जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवणे, ही त्याची उत्तरे आहेत. कारखाना खाडीच्या जवळ असेल तर पाडण्याचा विचार करण्याआधी किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशात आपली जागा कुठे येते ते पाहा, कारण जुने उभे असलेले टिकवणे आणि त्याच जागी नवे बांधण्याची परवानगी मिळवणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

सोलरविषयी थोडक्यात. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे वर्षाला साधारण १,३०० युनिट देते आणि त्याला शंभरेक चौरस फूट मोकळे छप्पर लागते. म्हणजे २५ किलोवॅटपासून ३२,५०० युनिट मिळतील. आजच्या वापराचे ते दोन तृतीयांशही नाहीत, पण ड्रायर वाफेवर गेला, पॅकिंगची खोली लहान झाली आणि पंखे बदलले की तेच २५ किलोवॅट जवळजवळ पूर्ण गरज भागवू शकतील. आधी गरज कमी करायची असे मी म्हणतो ते यासाठी. शिवाय छप्पर वादळाला तोंड देण्याजोगे झाल्याशिवाय त्यावर पॅनेलचा भार चढवू नये. सांगाडा गरम जस्ताचा जाड लेप दिलेल्या पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचाच मागा. जुलैतील उत्पादन मेच्या निम्म्याच्या जवळपास येते, ते नेट मीटरिंगमधून, म्हणजे आधी ग्रिडला दिलेल्या जादा विजेच्या वजावटीतून, भरून काढावे लागेल.

पाण्याबाबत तुम्ही काहीच लिहिलेले नाही, म्हणून विचारतो : एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का? येत असेल तर त्याचा हिशेबही मांडा. ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर तुमच्या सहा हजार चौरस फुटांच्या छपरावरून, वाया जाणारे वजा करूनही, वर्षाला १३ लाख लिटर पाणी पागोळ्यांतून वाहून जाते. ते सगळे साठवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण चार महिन्यांचे पाणी आठ महिने ठेवण्याइतकी टाकी बांधायची तर नव्या इमारतीइतकेच सिमेंट लागेल. पावळीला पन्हळ लावून, पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन, वीसेक हजार लिटरची टाकी बॉयलरसाठी भरा आणि उरलेले गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला जमिनीत जिरवा. पावसाचे पाणी मऊ असल्यामुळे बॉयलरच्या नळ्यांत क्षार कमी बसतो, हा त्यातला लगेच मिळणारा फायदा. जांभ्यातून पाणी लवकर निसटते, त्यामुळे जिरवलेले सगळे मेपर्यंत टिकेल असे आश्वासन मी देणार नाही.

कुडाळच्या गोदामात तुमची अडचण वेगळी आहे. छप्पर दुरुस्त करायचे मालकाने आणि वीज वाचायची तुमची, त्यामुळे दोघेही हलत नाहीत. भाडेकरार नूतनीकरणाला येईल तेव्हा त्यात तीन गोष्टी लिहून घ्या : तुमच्या नावे स्वतंत्र मीटर, छपराच्या दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय, आणि करार संपल्यावर बसवलेली उपकरणे काढून नेण्याचा हक्क. मालक यावर आढेवेढे घेईल, पण चांगला भाडेकरू सोडायलाही तो तयार नसेल.

बासष्टपैकी बरेच प्रश्न कामगारांविषयी असतील, आणि तुमच्या पत्रात चौतीस बायकांचा उल्लेख फक्त संख्येपुरता आला आहे. फोडणीवर बसणाऱ्या बायकांचे हात टरफलाच्या तेलाने भाजतात, कातडी काळी पडून सोलते, हे या धंद्यातले सर्वांना ठाऊक असलेले आणि कोणी न बोलणारे सत्य आहे. राख किंवा तेल चोळून भागवण्याऐवजी बोटांना सोसतील असे हातमोजे त्यांनाच निवडू द्या. मोजे जाड असले की वेग कमी होतो आणि नगावर मजुरी असेल तर बाई ते काढूनच ठेवते, म्हणून मजुरीच्या दराचा विचारही त्यासोबत करावा लागेल.

पाकिटावर ‘कार्बन न्यूट्रल’ छापण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हरित दाव्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या असून असा दावा करणाऱ्याला तो पुराव्यानिशी सिद्ध करता आला पाहिजे. तुमचा तिसरा खण अजून उघडलेलाही नाही. हंगाम सरल्यावर तुम्ही आफ्रिकेतून आलेली बी घेत असाल, आणि तुमच्या भागातले बहुतेक कारखाने घेतात, तर तिच्या जहाजाचा आणि ट्रकचा हिशेब त्यात येतो. त्या बीच्या गरावर वेंगुर्ल्याचे भौगोलिक मानांकनही लावता येणार नाही. ड्रायर बदलल्यावर ‘टरफलाच्या वाफेवर वाळवलेले’ एवढेच छापा. ते खरे असेल आणि कोणी तपासायला आले तर त्याला बॉयलर दाखवता येईल.

प्रमाणपत्राबद्दल : ‘गृह’ (ग्रीहा) किंवा आयजीबीसी यांची हरित इमारतींसाठीची मानांकने चांगलीच आहेत, पण त्यांचे शुल्क आणि सल्लागाराचे मानधन यांत आज तुमचा ड्रायर अडकेल. ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी आहे, तुमच्या जोडभाराला तिची धास्ती नाही. कागदच हवा असेल तर केंद्राच्या लघुउद्योग खात्याची ‘झेड’ (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) योजना पाहा. तिच्या प्रमाणनाच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० आणि लघुउद्योगांना ६० टक्के अनुदान मिळते. ऊर्जा लेखापरीक्षकांची यादी महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेकडे असते. त्यांतला एक, दोन दिवसांसाठी, कारखान्यात फिरवून आणा.

प्रश्नावली भरताना जिथे उत्तर ‘नाही’ आहे तिथे ‘नाही’ असेच लिहा आणि त्यापुढे कोणते काम कोणत्या महिन्यात करणार ते लिहा. सोबत दोन पानांचे धोरण जोडा : पहिल्या पानावर वरचे आकडे, म्हणजे वीज, डिझेल, गॅस आणि एसीतील वायू मिळून सुमारे ४७ टन, आणि दुसऱ्या पानावर तीन वर्षांचा क्रम. पहिल्या वर्षी मीटर, ड्रायर, छपराचे हुक आणि हातमोजे, दुसऱ्या वर्षी पॅकिंगचे माजघर आणि एसी, तिसऱ्या वर्षी सोलर. सही तुमची असावी, सल्लागाराची नको, कारण पुढच्या वर्षी याच आकड्यांविषयी फोन तुम्हालाच येणार आहे.

राहता राहिले सासरे. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ विरोध असा लावू नका. त्यांना इमारतीविषयी मत विचारण्याऐवजी माहिती विचारा : चिरा कोणत्या खाणीचा, पाया किती खोल, कोणते वासे बदलले आणि कोणते मूळचे, पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड कुठे लागते. लेखापरीक्षक येईल त्या दोन दिवसांत त्यांना सोबत घेऊन फिरा. ही माहिती दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही आणि छपराचे काम करणाऱ्या सुताराला ती लागणार आहे. तो सुतार आणि कौले परतणारी माणसे मृगाच्या तोंडावर मिळत नाहीत, तेव्हा त्यांना आजच सांगून ठेवा. सबमीटर बसला की पहिल्या महिन्याचा ड्रायरचा आकडा मला कळवावा. माझा एक तृतीयांशाचा अंदाज चुकला असेल तर वरचा क्रम बदलावा लागेल.